गटारीचं पाणी, तेलाचं पाणी

आमच्या यावलकडच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तेच. जळगावचं सांडपाणी शुद्ध करून भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्राला द्यावं, हतनूर धरणाचं तेवढं पाणी वाचेल, एवढंच मी लिहिलं. काका उसळले, "आज दीपनगरले देतील, उद्या केळीले. गटारीचं ते गटारीचंच." खाली चुलतभाऊ, "तुले काय जातं तिकडे बसून बोलाले!" त्याला धडाधड अंगठे.

तिकडे म्हणजे ओमान. हायमाच्या पुढे निमरच्या तेलक्षेत्रात मी पाण्याचेच नमुने काढतो. इथे तेलाबरोबर त्याच्या कित्येक पट खारं पाणी वर येतं. पूर्वी ते पंपांनी खोल जमिनीत दाबायचे, त्यात वीज भरमसाट जायची. आता आधी वरचं तेल काढून घेतात, मग पाणी उताराने बोरूच्या, म्हणजे उंच पाणगवताच्या, वाफ्यांतून सोडतात. मुळांशी वाढणारे जिवाणू उरलंसुरलं तेल खातात. रोज एक लाख घनमीटरहून जास्त पाणी असं जातं. पहिल्या बाटलीला डिझेलचा वास येतो, गळ्याला तपकिरी कड चढते. शेवटच्या वाफ्यातली बाटली उन्हात धरली की पलीकडची माझी बोटं दिसतात.

"मंग तिथं केळी काहून लावत नाहीत?" काकांचा प्रश्न. रास्त आहे. बोरू तेल काढतो, मीठ नाही. म्हणून शेवटी बरंचसं पाणी तलावांत सुकवावं लागतं. कॅलिफोर्नियात कर्न काउंटीत तेलविहिरींचं पाणी दुसऱ्या पाण्यात मिसळून बदामाला देतात, कारण तिथलं मुळातच कमी खारट. टेक्ससच्या पर्मियन तेलपट्ट्यातलं समुद्राहून कितीतरी खारट. ते जमिनीत दाबतात आणि भूकंपाचे धक्के खातात. पाण्यात काय आहे आणि ते लावायचं कशाला, एवढंच बघायचं असतं. आमच्याकडे पाण्याचीही आधी जात विचारतात. वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरला कसली आलीय शिवाशिव? नागपूरचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्राला जातंच. सांडपाणी प्रकल्पापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी असंच पाणी वापरावं, हे केंद्राच्या 2016 च्या वीजदर धोरणातच आहे. रावेर-यावलात मुरतं त्याहून जास्त पाणी आपण वर्षानुवर्षं उपसतोय. बोअर आणखी खोल न्यायला मात्र कुणी नाक मुरडत नाही. (इथल्या लुलू सुपरमार्केटातली फिलिपाइन्सची केळी कुठल्या पाण्यावर वाढली, हे मीही कधी विचारलेलं नाही.)

काकांची एक भीती खरी आहे. एमआयडीसीचं पाणी त्यात मिसळलं आणि तपासणीचे आकडे दडपले, तर? इथे नमुना बिघडला की त्याच दिवशी फोन येतो. जळगावात कोण करणार? हे लिहिताना माझा आवाज चढतो, कळतं मला. निमरला चौफेर माळ रिकामा. ना गाव, ना ग्रामसभा. विरोधाला माणूस लागतो. मीही करत नाही. रेसिडेंट कार्ड संपलं की बॅग भरायची. या पाण्याचं पुढे काय करावं, हे मला इथे कुणी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. ग्रुपवर निदान शिव्या तरी मिळतात. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे ना. बोअर आटला की नव्या बोअरच्या पैशासाठी फोन मलाच येतो. यंदाही आला. पाठवले.