नंबर सांगा!

परवा हार्ड डिस्क घ्यायला गेलो. पैसे माझे, तेही रोख. तरी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मोबाइल नंबर?"

"नाही द्यायचा."

"सर, नंबरशिवाय बिलच होत नाही. सिस्टिम पुढे जात नाही."

ग्राहकावर नंबराची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय, हे मी तिला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "सर, आमची सिस्टिम सरकारी नाहीये."

आता ही डिस्क कशासाठी, तर फोटोंसाठी. गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद जागा बंद केली आणि माझं डोकं फिरलं. आमच्या टीव्हीमागे आता एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे. त्यावर फोटो इमिच नावाच्या अ‍ॅपमध्ये, कागदपत्रं नेक्स्टक्लाउडमध्ये, म्हणजे गुगलऐवजी सगळं घरातच. त्यावरचाच पाय-होल हा प्रोग्राम जाहिराती अडवतो. बायकोच्या मते तो साड्या अडवतो, कारण गुगलवर सगळ्यात वर दिसणारी साडी ही जाहिरात असते आणि ती काही केल्या उघडत नाही. मग ती वायफाय बंद करून साड्या बघते. घराबाहेरून हे सगळं चालवणं हा वेगळाच वनवास. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही-४ चे पत्ते जगात सगळे मिळून साधारण ४३० कोटी, ते कधीच अपुरे पडले. म्हणून इंटरनेटवाला एका पत्त्यामागे कितीतरी घरं कोंबतो. बाहेरून कुणी हाक मारली तर ती कोणत्या घराला, हे ठरवायचं कुणी? माझ्या राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होतो, तो असल्याच कोंबलेल्या घरांसाठीचा, म्हणजे बाहेरच्या जगाच्या दृष्टीने मी नाहीच. स्वतंत्र पत्ता हवा तर महिन्याचे वेगळे पैसे. शेवटी टेलस्केल नावाचं, घरच्या कॉम्प्युटरपर्यंत खासगी बोगदा काढणारं अ‍ॅप बसवून वाट काढली. इतकं सगळं करून माणूस डिस्क घ्यायला जातो आणि त्याला पहिला प्रश्न काय, तर नंबर!

तेवढ्यात मागचे काका पुढे झाले. खांद्याला कापडी पिशवी, हातात एचडीएमआय केबल.

"अहो, माझा घाला! त्यात काय एवढं?" आणि त्यांनी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात नंबर दोनदा सांगितला.

"जन्मतारीख?"

"चौदा ऑगस्ट. साल सांगू?"

"लग्नाचा वाढदिवस? त्या दिवशी डबल पॉइंट मिळतात."

इथे काका अडखळले. त्यांनी घरी फोन लावला, स्पीकरवर. "अगं, आपलं लग्न कधी झालं?"

"कोण विचारतंय?"

"दुकानातली मुलगी."

"सात मे. आणि येताना कोथिंबीर आणा. मागच्यासारखी पिवळी नको."

"ई-मेल?" मुलीने विचारलं. तो काकांनी सांगितला आणि वर आपणहून म्हणाले, "पासवर्डही सांगू का? सोप्पाय. नातवाचं नाव."

मग ओटीपी आला. काकांचा चष्मा घरी. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. वर बँकेतली शिल्लक, तिच्याखाली तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट. साखर बरीच होती. ज्या माणसाने स्वतःचा नंबर द्यायला नकार दिला, तोच आता भर दुकानात एका अनोळखी गृहस्थाचा ओटीपी मोठ्याने वाचून दाखवत होता.

बिल पेपरलेस. ते गेलं काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणजे डिस्क माझी आणि तीन वर्षांची वॉरंटी काकांची.

"पाठवतो की तुला," काका म्हणाले. ओटीपीनंतर आम्ही अरे-तुरेवर आलो होतो, निदान एका बाजूने. "नंबर सांग तुझा."

मी सांगितला. हळू आवाजात. ती मुलगी कीबोर्डवर बोटं ठेवून माझ्याकडे बघत होती.

काका भला माणूस. रोज सकाळी फुलं पाठवतात. राग त्यांच्यावर नाहीच. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. विदा (म्हणजे डेटा) संरक्षणाचा कायदा झाला २०२३ साली, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला पुढे आणखी दीड वर्ष. तोवर काय करायचं? कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अख्ख्या पेठेची आधार आणि पॅन कार्डं पडलेली आहेत. त्याचा कॉम्प्युटर हे आमचं खरं जनगणना कार्यालय. मी घरी बसून कुलपं घडवायची आणि बाकीच्यांनी भिंतच पाडायची, असा हा कारभार.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक एक्सेल फाइल येऊन पडली. सगळ्या सभासदांची नावं, मोबाइल, पॅन, गाडीचे नंबर, भाडेकरू असल्यास त्याच्या मूळ गावचा पत्ता. कशासाठी? तर 'चूक असल्यास कळवावे'. ग्रुपमध्ये दूधवालाही आहे. मी सेक्रेटरींना फोन करून सांगितलं, की या कायद्यात दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे. ते म्हणाले, "सिंकिंग फंडात तेवढे नाहीत."

मी ऐकेना म्हटल्यावर त्यांनी ग्रुपवरच खुलासा टाकला: ज्या सभासदांना आपली माहिती यादीतून काढून हवी आहे, त्यांनी नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर व आधार कार्ड याच ग्रुपवर पाठवावे.

खाली अकरा जणांनी पाठवलंही होतं.