डोक्यातलं रक्त ‘सुकवणाऱ्या’ गोळ्या

‘मेंदूभोवती साचलेलं जुनं रक्त ऑपरेशननंतर परत भरू नये म्हणून’ असा पाच कलमांचा मेसेज फिरतोय. काल तो आमच्या मावशीकडे पोचला. काकांचे टाकेही अजून निघालेले नाहीत.

पहिलंच कलम सगळ्यांत घातक: ‘डेक्सामिथासोन रोज घ्या, उरलेलं रक्त सुकतं.’ यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. साचलेल्या रक्ताभोवती पातळ पापुद्रा धरतो, त्यातल्या नाजूक रक्तवाहिन्या झिरपत राहतात आणि डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड ती दाहाची प्रक्रिया दाबतं. म्हणूनच ब्रिटनमध्ये 748 रुग्णांवर याची चाचणी झाली. बहुतेकांचं ऑपरेशन झालेलं होतं. सुरुवात दिवसाला 16 मिलिग्रॅमनं, मग कमी करत दोन आठवड्यांत बंद. 2020 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. पुन्हा ऑपरेशन लागलं ते स्टेरॉइडवाल्यांत 1.7 टक्के, बिनऔषधी गोळीवाल्यांत 7.1 टक्के. मेसेजवाल्यानं बहुधा एवढंच वाचलं. सहा महिन्यांनी चांगले सावरलेले किती? स्टेरॉइडवाले 83.9 टक्के, दुसरे 90.3. म्हणजे रक्त कमी वेळा भरलं, पण माणसं कमी सावरली. जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, भ्रम हे सगळं स्टेरॉइडवाल्यांत जास्त होतं, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेसेजमध्ये तर डोसही नाही, मुदतही नाही. त्यात सत्तरीचा मधुमेही माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर रक्त भरलंय की गोळी बोलतेय, हे घरात कोण ठरवणार?

मात्र कुणी आठवडेच्या आठवडे ही गोळी घेत असेल, तर हे वाचून एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर मंदावलेलं असतं. डॉक्टरांकडून डोस उतरवून घ्या.

‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कायम बंद.’ आणि हृदयात स्टेंट असेल, धातूची झडप असेल, तर? गोळी परत कधी सुरू करायची, ती तारीख न्यूरोसर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात. डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.

‘महिनाभर झोपून राहा.’ उरलेलं रक्त बाहेर यावं म्हणून ऑपरेशननंतर डोक्यात ठेवलेली नळी असेपर्यंत, साधारण दोन दिवस, सांगतील तसं झोपा. महिनाभर पडून राहिलात तर न्यूमोनिया आणि पायात गुठळी.

‘सीटी स्वच्छ नाही म्हणजे ऑपरेशन फसलं.’ नाही. उतारवयात आकसलेला मेंदू लगेच फुलत नाही, ती जागा भरायला कित्येक आठवडे लागतात. तोवर थोडं पाणी, थोडी हवा दिसणारच. बघायचं ते माणसाकडे.

‘परत भरलं तर चूक सर्जनची.’ पापुद्रा आतच राहतो, तो पुन्हा झिरपू शकतो. हां, नळी ठेवली होती का, हे जरूर विचारा. केंब्रिजच्या 2009 च्या चाचणीत नळीविना 24 टक्क्यांत रक्त परत साचलं, नळी ठेवल्यावर 9.3 टक्क्यांत. शून्य तेव्हाही नव्हतं.

मेसेजमध्ये नाही ते हे: पहिले तीन महिने डोकेदुखी वाढत गेली, झोपाळूपणा आला, एका पायातली चप्पल निसटायला लागली, शब्द अडखळले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सीटी होईल अशा रुग्णालयात न्या.