सिग्नलवाल्यांचं संमेलन

साहित्य संमेलनात निदान भांडणं तरी होतात. आमच्या ‘इंटेलिजंट ट्रान्सपोर्ट’च्या, म्हणजे यंत्रांकरवी वाहतूक शहाणी करण्याच्या परिषदेत सगळ्यांचं सगळ्यांशी पटतं. पहिली जागतिक परिषद 1994 साली पॅरिसला भरली, तेव्हापासून वाहतूक शहाणी होण्याच्या बेतात आहे. तिची धाकटी भावंडं आपल्याकडे कुठल्या ना कुठल्या बड्या हॉटेलात भरतात आणि आम्ही सिग्नलवाले, टोलवाले, कॅमेरावाले गळ्यात पट्टा अडकवून दोन दिवस एसीत कुडकुडतो.

परीक्षा नोंदणीपासूनच सुरू. मोबाइलवरचा क्यूआर कोड दाखवला की यंत्रातून बिल्ला छापून यायचा असतो. यंत्र कोड वाचत नाही, कारण झुंबराचा उजेड काचेवर चकाकतो. मोबाइल तिरपा करा, ब्राइटनेस वाढवा, पुन्हा दाखवा. शेवटी टेबलामागची मुलगी स्केचपेननं नाव लिहून देते. टोलनाक्यावर याहून वेगळं काय होतं? फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. वरचा अँटेना 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, त्यांच्याच जोरावर आतली चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. टॅगला घडी पडून आतली तार तुटली असेल, काचेला धातूमिश्रित फिल्म लावली असेल, किंवा मालकानं टॅग कप्प्यात ठेवून ऐनवेळी मुठीत धरला असेल, तर चिप काही जागी होत नाही. मग एक पोरगा हातातलं यंत्र घेऊन धावत येतो. हा पोरगा आणि ती स्केचपेनवाली, या दोघांवर सगळा डिजिटल कारभार तोलून धरलेला आहे. कार्यक्रमपत्रिकेत दोघांचंही नाव नसतं.

मग भाषणं. ‘इकोसिस्टिम’, ‘सीमलेस’ आणि ‘होलिस्टिक’ एकाच वाक्यात आले की कॉफी जवळ आली असं समजावं. गाड्या एकमेकींशी रेडिओवरून बोलणार, हा विषय तर ठरलेलाच. त्यासाठी अमेरिकेनं 1999 मध्ये 5.9 गिगाहर्ट्झपाशी रेडिओलहरींचा 75 मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला होता. गाड्या फारशा बोलल्या नाहीत, तेव्हा 2020 मध्ये त्यातला 45 मेगाहर्ट्झ वायफायला देण्याचा निर्णय झाला. लग्न ठरता ठरत नाही म्हणून अडवून ठेवलेला हॉल शेजारच्या बारशाला द्यावा, तसं.

खरं प्रात्यक्षिक जेवणाच्या सुट्टीत बघावं. माणसं चारशे, टेबल एक, तेही भिंतीला चिकटवलेलं, म्हणजे रांग एकाच बाजूनं. रांगेचा वेग सगळ्यात मंद ठिकाणी ठरतो आणि ते ठिकाण पनीरचं भांडं हेच असतं. भाताला माणूस तीन सेकंद घेतो. पनीरपाशी डाव तळापर्यंत बुडवून तुकड्यांचा शोध घेतला जातो. सहा सेकंद धरा. मिनिटाला दहा माणसं, म्हणजे शेवटच्याला चाळीस मिनिटं. गर्दी दिसली की पूल बांधा म्हणणारे, उड्डाणपुलाच्या पंथातले लोक म्हणतात, ताटं वाढवा. ताटं वाढवून पनीरपाशी गर्दी तेवढी लवकर होते. उपाय एवढाच, की टेबल तीन फूट पुढे ओढायचं, दोन्ही बाजूंनी रांग लावायची आणि भांड्यात दुसरा डाव टाकायचा. सभागृहातल्या प्रत्येकाला हे गणित येतं. टेबल मात्र कोणी ओढत नाही, कारण ते हॉटेलच्या हद्दीत येतं.

जेवणानंतर स्टॉल. नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा इथं कधीच चुकत नाही, कारण समोरची प्लेट सपाट, पुसलेली आणि जागेवर उभी असते. रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे सरकते. शटर एक हजारांश सेकंद उघडलं तरी प्लेट दोन सेंटिमीटर हललेली असते. त्यात ‘बी’ आणि 8, ‘ओ’ आणि शून्य यांची गल्लत. ती निस्तरायला सॉफ्टवेअरला व्याकरण शिकवतात: ‘एमएच’नंतर आकडेच येणार, शेवटचे चारही आकडेच. आपल्याकडे 8055 चा ‘बॉस’ आणि 214 चा ‘राम’ करणारे या व्याकरणाच्या पलीकडे होते. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एकाच वळणाच्या अक्षरांची हाय सिक्युरिटी प्लेट आली, तिच्यामुळे बॉस आणि राम गेले. झेंडूचा हार राहिला. विक्रेत्याला अचूकतेचा आकडा विचारू नये. दसऱ्याच्या संध्याकाळचा आकडा विचारावा.

पुढे ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ सिग्नल, म्हणजे गर्दी बघून हिरव्याची वेळ स्वतःच बदलणारा. पडद्यावरच्या चौकात सगळ्या गाड्या चारचाकी आणि आपापल्या लेनमध्ये. खरा चौक डांबराखालच्या तारेतून ‘बघावा’ लागतो. करवतीनं रस्त्यात पाचेक सेंटिमीटर खोल खाच पाडायची, तारेचे तीन-चार वेढे घालायचे, वरून सीलंट. गाडीचं लोखंड वर आलं की तारेचं इंडक्टन्स (तिचा एक विद्युत-चुंबकीय गुण) घटतं आणि सिग्नलच्या पेटीतलं कार्ड ‘आली’ म्हणतं. तिरकी घुसलेली रिक्षा आणि तिच्या कडेच्या तीन दुचाकी मिळून त्याला एकच काहीतरी वाटतं. पावसाळ्यात सीलंट फाटून पाणी शिरतं. त्यातूनही वाचलीच तार, तर नव्या डांबराआधी वरचा थर खरवडणारं यंत्र तिला वेटोळ्यासकट उचलून नेतं. त्या मशीनला आणि आम्हाला कंत्राट देणारे विभाग वेगवेगळे असतात.

तार शाबूत असली तरी गणित आहेच. सिग्नलची फेरी किती सेकंदांची असावी, याचं 1958 सालचं वेबस्टरचं सूत्र: दर फेरीत वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट, अधिक पाच, आणि या सगळ्याला भागिले एक वजा चौकावरचा भार (1 म्हणजे चौक पुरता भरलेला). वाया सेकंद 16 आणि भार 0.7 असेल तर सिग्नलची पूर्ण फेरी 97 सेकंदांची. भार 0.95 झाला की तेच सूत्र 580 सेकंद सांगतं. एवढ्यात माणूस गाडी बंद करून कटिंग मारून येईल. संध्याकाळी सातला आपला चौक तिथंच असतो. एका बाजूचा हिरवा काढून दुसरीला द्यायचा तर कुठंतरी शिल्लक हिरवा हवा ना! हे विचारल्यावर स्टॉलवाले आपल्याला पेन देतात.

पेन घ्यावं, आणि मग सिग्नलच्या पेटीला वळसा घालून मागे बघावं. तिथं एक छोटं दार असतं. आत ऑटो, फ्लॅश, मॅन्युअल असा खटका आणि एक बटण. संध्याकाळी हवालदार किल्लीनं ते उघडतो, मॅन्युअल करतो आणि ज्या बाजूचे हॉर्न सहन होईनासे होतात तिकडचा हिरवा सोडतो. स्टॉलवर मात्र मागे बघायची सोय नसते. पेटी पनीरच्या टेबलासारखीच भिंतीला चिकटवून ठेवलेली असते.