ह्युमसवाल्या त्या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासून बघूया

गेले बरेच दिवस एक मेसेज फिरतोय, तुमच्यापैकी बहुतेकांना आलाच असेल. थोडक्यात असा: सेंद्रिय पदार्थ म्हणजे ह्युमस, तो एकदा जमिनीत तयार झाला की हजारो वर्षं मोडत नाही. माती काळी म्हणजे ह्युमस भरपूर. सेंद्रिय पदार्थ १ टक्का वाढवला की एकरी ७५ हजार लिटर पाणी जास्त धरलं जातं. दोन लिटर ह्युमिक ॲसिड म्हणजे गाडीभर शेणखत. आणि शेवटी, हे सगळं नैसर्गिक असल्यामुळे पाण्यात उतरलं तरी काही होत नाही, थोडं क्लोरीन टाकलं की विषय संपला.

मी माती आणि पाणी तपासणीच्या कामात आहे आणि हा मेसेज मला इतक्या लोकांनी पाठवला की प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, सेंद्रिय पदार्थ महत्त्वाचा आहे हे मूळ म्हणणं बरोबरच आहे, पण कारणं चुकीची कळली की पुढचे निर्णयही चुकतात, म्हणून एवढा खटाटोप.

पहिलं वाक्य: ‘ह्युमस हजारो वर्षं मोडत नाही.’

ही कल्पना आली कुठून ते आधी बघा. १७८६ साली आखार्ड नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पीट, म्हणजे दलदलीतली अर्धवट कुजलेली वनस्पती, अल्कलीच्या पाण्यात टाकली तेव्हा काळपट द्रव निघाला आणि त्यात आम्ल टाकल्यावर काळा साका खाली बसला. त्यालाच पुढे ह्युमिक ॲसिड म्हणायला लागले आणि आजही काढायची पद्धत मुळात तीच आहे, पीएच १३ च्या आसपासचं कडक अल्कली वापरायचं. आता जमिनीत कुठेही पीएच १३ नसतो, त्यामुळे जे बाहेर निघालं ते जमिनीत जसंच्या तसं होतं की आपण केलेल्या प्रक्रियेमुळे तसं झालं हा प्रश्न उरतोच. २०१५ मध्ये लेहमन आणि क्लेबर या मृदाशास्त्रज्ञांनी नेचर या विज्ञान नियतकालिकात हाच मुद्दा मांडला, की जमिनीत ते प्रचंड मोठे, न मोडणारे, काळे रेणू प्रत्यक्ष बघायला गेलं तर सापडत नाहीत, सापडतात ते कुजण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे पाल्याचे, मुळांचे आणि मेलेल्या जिवाणूंचे तुकडे. या मताला विरोध करणारेही शास्त्रज्ञ आहेत, ह्युमिक पदार्थांवर आयुष्यभर काम केलेले लोक, वाद पूर्ण मिटलेला नाही. पण ‘रेणूच असा चिवट की मोडतच नाही’ एवढं सोपं चित्र आता कोणी गंभीरपणे मांडत नाही.

मग जमिनीतला काही कर्ब, म्हणजे कार्बन, शेकडो वर्षं जुना निघतो तो कसा? तर तो लपलेला असतो म्हणून. चिकणमातीच्या कणांना आणि लोहाच्या ऑक्साइडला चिकटलेला, किंवा मातीच्या बारीक कणीच्या, म्हणजे कण एकमेकांना चिकटून झालेल्या गुठळीच्या, आत अडकलेला, जिथे जिवाणू पोचत नाही किंवा हवा पोचत नाही. उलट लिग्निन, ज्याला आपण लाकडाचा सगळ्यात चिवट भाग समजतो, तोही परिस्थिती मिळाली की बऱ्यापैकी लवकर मोडतो. म्हणजे टिकणं हा पदार्थाचा गुण कमी आणि तो कुठे बसलाय त्या जागेचा गुण जास्त. म्हणूनच नांगर वारंवार फिरला, कणी फुटली, आत हवा गेली की इतकी वर्षं ‘कायमचा’ वाटणारा कर्ब काही वर्षांत उडून जातो.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की न मोडणं हा गुण म्हणून सांगितलाय! अहो सेंद्रिय पदार्थातलं नत्र, स्फुरद, गंधक पिकाला मिळतं ते तो मोडतो म्हणूनच, गांडूळ बुरशी जिवाणू जगतात ते त्याच्यावरच, आणि मातीची कणी बांधणारा चिकटा हे जीव खाऊन-पिऊनच तयार करतात. बँकेतल्या ठेवीसारखा ठेवून द्यायचा हा माल नाही, चुलीतल्या लाकडासारखा आहे, जळतो तेव्हाच ऊब देतो आणि म्हणून सतत घालत राहावं लागतं.

किती वेगाने मोडतो याचाही अंदाज हवा. जेनकिन्सन या मृदाशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात, पुढे माग काढता यावा अशी खूण केलेला कर्ब असलेलं गवत मातीत मिसळून मोजलं, वर्षभराने साधारण एक तृतीयांश कर्ब उरला होता, पाच वर्षांनी एक पंचमांश. तोच प्रयोग नायजेरियात केला तर कुजण्याचा वेग सुमारे चौपट निघाला. त्यामुळे थंड प्रदेशातले आकडे उष्ण प्रदेशात तसेच्या तसे लावू नका. रॉथॅमस्टेडचंच दुसरं उदाहरण मला फार आवडतं. हूसफिल्ड नावाच्या शेतात एका वाफ्याला १८५२ ते १८७१ दरवर्षी शेणखत दिलं आणि नंतर पूर्ण बंद केलं. शंभर वर्षं उलटून गेल्यावरही त्या वाफ्यात कधीच खत न दिलेल्या वाफ्यापेक्षा कर्ब जास्त होता. मेसेजवाला म्हणेल बघा, टिकतो! हो, थोडा टिकतो, पण त्याच वाफ्याचा आलेख खाली खाली उतरत गेलाय हेही बघा की. बहुतेक जातो, थोडा राहतो, दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

दुसरं वाक्य: ‘काळी माती म्हणजे भरपूर ह्युमस.’ याला फार वेळ लागणार नाही. व्हर्टिसॉल प्रकारच्या भारी काळ्या, भेगा पडणाऱ्या जमिनी बघा, कितीतरी ठिकाणी त्यांत सेंद्रिय कर्ब १ टक्क्याच्या खाली असतो, तरी रंग गडद. आणि उष्ण दमट भागातल्या काही लाल जमिनींत, लोहाचा लाल रंग वरचढ असतो म्हणून दिसत नाही, पण कर्ब चांगला असतो. एकाच शेतातल्या दोन जागांची तुलना रंगावरून थोडीफार करता येते, दोन वेगळ्या जमिनींची नाही. तपासून घ्या, दुसरा उपाय नाही.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, लॅब बहुतेक वेळा सेंद्रिय ‘कर्ब’ देते, सेंद्रिय ‘पदार्थ’ नाही. कर्बाला १.७२ ने गुणून पदार्थ काढायची जुनी रीत आहे, आणि बऱ्याच जमिनींत तो गुणक २ च्या जवळ असायला हवा असं आता दिसतंय. म्हणजे दोन्हींत जवळपास दुपटीचा फरक, आणि हे मेसेजवाले एका ओळीत कर्ब लिहितात, पुढच्या ओळीत पदार्थ.

तिसरं वाक्य, ‘१ टक्का वाढला की एकरी ७५ हजार लिटर पाणी.’ हा आकडा मूळ इंग्रजीत एकरी २० हजार गॅलन म्हणून फिरतो, त्याचंच हे लिटर. आता हिशोब करा. एक एकर, १५ सेंटीमीटर खोल, माती भरते साधारण ८ लाख किलो. त्याचा १ टक्का म्हणजे ८ हजार किलो सेंद्रिय पदार्थ. ७५ हजार लिटर पाणी धरायचं तर त्याने स्वतःच्या वजनाच्या नऊपट पाणी धरायला हवं, आणि तेही असं की पिकाच्या मुळाला ओढून घेता येईल. ओला स्पंज पिळून न निघणारं पाणी जसं आपल्या कामाचं नाही, तसं मातीने घट्ट धरलेलं पाणी मुळाच्या कामाचं नाही.

२०१८ मध्ये मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी जगभरातली ५० हजारांहून जास्त मोजमापं एकत्र करून बघितली. सेंद्रिय कर्ब १ टक्क्याने वाढला की दर १०० मिलीमीटर मातीत पिकाला मिळणारं पाणी सरासरी १.१६ मिलीमीटर वाढतं, एवढंच. त्याच १५ सेंटीमीटरला हे एकरी सुमारे ७ हजार लिटर होतं, मेसेजमधल्या आकड्याचा जेमतेम दहावा हिस्सा, आणि हे कर्बाच्या एका टक्क्याला हं, पदार्थाच्या एका टक्क्याला अजून कमी. वाळूच्या हलक्या जमिनीत फायदा जास्त, भारी चिकणमातीत जवळपास नगण्य.

मग सेंद्रिय पदार्थ पाण्यासाठी निरुपयोगी? अजिबात नाही, आणि इथेच मला वाईट वाटतं की खोट्या आकड्यापायी खरी गोष्ट मागे पडते. घरी करून बघा. काचेचे दोन ग्लास पाण्याने भरा, तोंडावर जाळीचा तुकडा असा अडकवा की तो पाण्यात थोडा बुडेल. एका जाळीवर वर्षानुवर्षं नांगरलेल्या उघड्या जमिनीतलं वाळलेलं ढेकूळ ठेवा, दुसऱ्यावर तिथल्याच बांधावरचं, गवताच्या मुळाखालचं. पहिलं बहुतेक वेळा मिनिटाभरात फुटायला लागतं, बुडबुडे येतात, मातीचा धूर खाली उतरतो आणि ग्लास गढूळ. दुसरं बराच वेळ तसंच बसून राहतं, पाणी नितळ, ढेकळाच्या कडेने मुळांचे पांढरे केस दिसत राहतात. शेतात पहिल्या मातीवर जोराचा पाऊस पडला की हेच होतं, कणी फुटते, बारीक कण भोकं बुजवतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायच्या ऐवजी माती घेऊन वाहून जातं. सेंद्रिय पदार्थाचं मोठं काम पाणी साठवण्यापेक्षा पाणी आत जाऊ देणं हे आहे, आणि ते लिटरच्या आकड्यात पकडता येत नाही म्हणून मेसेजमध्ये येत नाही.

चौथं, ‘दोन लिटर ह्युमिक म्हणजे गाडीभर शेणखत.’ बाजारात मिळणारं ह्युमिक बहुतेक लिओनार्डाइट नावाच्या, लिग्नाइट कोळशाच्या हवा लागलेल्या प्रकारातून पोटॅशियम हायड्रॉक्साइडने काढतात. १२ टक्क्यांचं द्रावण धरलं तर दोन लिटरमध्ये पाव किलोच्या आसपास ह्युमिक. आणि वर बघितलं तसं एका एकरात १ टक्क्यालाच ८ हजार किलो लागतं. पाव किलोने जमिनीचा सेंद्रिय पदार्थ वाढेल कसा, तुम्हीच सांगा. ह्युमिकने मुळं वाढल्याचे प्रयोग आहेत, ते खोटे नाहीत, काही पिकांत, काही जमिनींत, योग्य मात्रेत फरक दिसतो आणि कुठे काहीच दिसत नाही. म्हणजे ते झालंच तर वाढ-उत्तेजक आहे, खत नाही. जिवाणूंना त्यात खायला फारसं काही नाही, नत्र-स्फुरद नाही, कणी बांधायला काही नाही. ज्याला वापरायचंय त्याने वापरावं, पण शेणखत बंद करून नाही.

पाचवं वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं: ‘नैसर्गिक आहे, पाण्यात उतरलं तरी काही होत नाही, क्लोरीन टाका.’

वाळलेली पानं बरणीत पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा, पाणी कोऱ्या चहासारखं होतं. नदी-तलावाच्या पाण्यात पालापाचोळा आणि माती यांतून जे उतरतं ते हेच, नद्यांत साधारण लिटरमागे २ ते १० मिलीग्रॅम कर्ब, दलदलीतून येणाऱ्या पाण्यात याच्या कितीतरी पट. आता त्या बरणीत ब्लीचचे थेंब टाकत जा, रंग फिका होत जातो आणि बघणाऱ्याला वाटतं पाणी शुद्ध झालं. आम्ही असं पाणी मशीनवर लावून एकूण सेंद्रिय कर्ब मोजतो तेव्हा तो जवळपास आधीइतकाच येतो. पदार्थ गेलेला नसतो, फक्त रंग देणारे बंध तुटलेले असतात, आणि क्लोरीनशी जोडून नवीन संयुगं झालेली असतात. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूकने हेच दाखवलं, की क्लोरोफॉर्म आणि त्याचे भाऊबंद, ज्यांना ट्रायहॅलोमिथेन्स म्हणतात, ते कारखान्यातून येत नव्हते, पाण्यातल्या नैसर्गिक सेंद्रिय पदार्थावर क्लोरीनची क्रिया होऊन तिथेच तयार होत होते. १९७९ मध्ये अमेरिकेत त्यावर लिटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आली, पुढे ती ८० केली.

आणखी एक, क्लोरीन आधी या पदार्थावरच खर्च होतं, जंतूंसाठी काही उरलं तर उरलं. त्यामुळे रंगीत पाण्यात अंदाजाने क्लोरीन टाकून निर्धास्त होणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

कृपा करून यातून ‘क्लोरीन वाईट, बंद करा’ असा उलटा मेसेज काढू नका!! जंतूंचा धोका आजचा आहे आणि कितीतरी मोठा आहे, जागतिक आरोग्य संघटनाही स्पष्ट सांगते की या संयुगांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका. मुद्दा क्रमाचा आहे. आधी तुरटी, मग गाळणं, मग क्लोरीन. बरणीतल्या त्याच चहाच्या रंगाच्या पाण्यात तुरटी योग्य प्रमाणात टाकून हळू ढवळलं की काही वेळात तपकिरी कापसासारखे पुंजके दिसायला लागतात, जड होतात, तळाशी बसतात आणि वरचं पाणी फिकं होतं. इथे मात्र कर्ब खरोखर कमी होतो, सगळा नाही पण बराच, कारण तो खाली गाळात गेला. पाणी थोडं आम्लाकडे झुकलेलं असेल तर हे जास्त चांगलं जमतं.

याच्या उलट टोकालाही जाऊ नका, की पाण्यातला सेंद्रिय पदार्थ म्हणजे प्रदूषणच. नदीत तो तांब्यासारख्या धातूंना धरून ठेवतो, मोकळं तांबं माशांच्या कल्ल्यांना मारक असतं, बांधलेलं तितकं नाही. पण पारा असेल तर तोच पदार्थ त्याला सोबत घेऊन लांबवर नेतो.

पाण्याचा रंग बघून घाईने निष्कर्ष काढू नये याचं उदाहरण उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेतलं आहे. १९९० नंतर तिथल्या वस्तीपासून लांबच्या तलावांचं, ओढ्यांचं पाणी तपकिरी होत चाललं होतं आणि जमिनीचं काहीतरी बिघडतंय अशी भीती होती. २००७ मध्ये अशा ५२२ ठिकाणच्या नोंदी एकत्र बघितल्या तेव्हा मुख्य कारण निघालं ते आम्लपाऊस कमी झाल्याचं. आम्लामुळे इतकी वर्षं सेंद्रिय पदार्थ मातीतच अडकून राहत होता, आम्ल कमी झालं तसा तो पुन्हा विरघळून यायला लागला. पाणी आम्लपावसाच्या आधीच्या स्थितीकडे परत चाललं होतं, आणि खालच्या जलशुद्धीकरण केंद्रांना मात्र तेच पाणी साफ करायला गाळ बसवणाऱ्या रसायनाचा डोस वाढवावा लागत होता.