आण्णांना व्हिडिओ नको, काम द्या

जानेवारी २०२२, करोनाचे दिवस. आज सकाळी नात्यातल्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आला, 'थंडीच्या लॉकडाऊनमध्ये पॉझिटिव्ह कसे राहाल'. वर गुलाबाचं फूल, खाली जोडलेले हात. उठल्या उठल्या आरशात बघून हसा, नवीन छंद लावून घ्या, जुने अल्बम काढा, बातम्या बघू नका, घरच्यांसाठी रोज एक नवीन पदार्थ करा. ठीकंय, असले मेसेज रोजच येतात, मी वाचतही नाही. पण पाठवणाऱ्यांनी खाली मुद्दाम आमच्या आण्णांचं नाव टाकलं होतं. आणि दुपारी त्या पाठवणाऱ्यांचाच व्हिडिओ कॉल आला, त्यात आण्णांचे तेलाने काळे झालेले हात दिसले, तर मला म्हणाले, "वहिनी, या वयात त्यांना कामाला लावता होय? आराम करू द्या की आता. टीव्हीवर छान कीर्तन लावून द्या, पॉझिटिव्ह वाटेल त्यांना."

मोठं माणूस, फोनवर काय बोलणार. हो हो म्हटलं आणि ठेवला. पण दुपारपासून डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहायलेय.

आण्णा म्हणजे माझे सासरे, सगळी गल्ली आण्णा म्हणते म्हणून मीही आण्णाच म्हणते. वय ७६. आयुष्य गिरणीत गेलं, जॉबर होते, आणि गिरणी बंद पडल्यावर सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांवर. जॉबर म्हणजे साचा, म्हणजे माग, अडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. या बाजूनं हाक, त्या बाजूनं हाक, जेवायच्या सुट्टीत सुद्धा डबा झाकून उठायचं. असं चाळीसेक वर्षं ज्याला कोणीतरी सारखं बोलवत होतं त्याला आता तुम्ही म्हणताय की खुर्चीत बसा आणि आरशात बघून हसा.

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या घरात काय झालं ते सांगते. करोनामुळे गड्डा भरणार नाही असं नक्की झालं होतं. सोलापूरच्या माणसाला गड्डा म्हणजे काय हे सांगायला नको, पण बाहेरचे मित्र वाचतायत म्हणून सांगते, आमच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची यात्रा, साताही काठ्या, म्हणजे नंदीध्वज, ६८ लिंगांना जातात, भोगीला संमती कट्ट्यावर त्यांच्या लग्नाच्या अक्षता, मग होम, मग दारूकाम, म्हणजे आतषबाजी, आणि पाठोपाठ महिनाभर पाळणे, भांड्यांची दुकानं, बासुंदी, सगळं. आण्णा लग्नाआधीपासून बाराबंदी, म्हणजे पांढरा बंदांचा अंगरखा, घालून काठ्यांबरोबर चालतात. गेल्या वर्षी मोजक्या मानकऱ्यांत विधी झाले आणि बाकी सगळ्या गावानं घरात बसून मोबाईलवर बघितलं. कळत होतं का केलंय ते, सोलापुरानं २०२० मध्ये काय बघितलंय ते आपल्याला माहितीये, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आण्णा त्यानंतर गप्पच झाले. स्वेटर, कानटोपी, दाराजवळची खुर्ची. पेपर वाचून घडी घालून मांडीवर ठेवलेला असायचा आणि तरी अकरा वाजता विचारायचे, "पेपर आला का गं?" रेडिओ बंद. बोटांची नखं एकेक करून बघत बसायचे. डॉक्टर म्हणाले बीपी चांगलं आहे, साखर चांगली आहे.

घरात सगळ्यांनी सगळं केलं. यूट्यूबवर भजनं लावली, कॅरम काढला, कोणीतरी कुरियरनं मोठ्या माणसांसाठीचं रंगवायचं पुस्तक पाठवलं, मनःशांतीसाठी म्हणे. आण्णांनी पुस्तक उलटसुलट करून बघितलं आणि नातवाच्या दप्तरात ठेवून दिलं.

आणि मग एक दिवस शेजारची अक्का आली. तेलुगू घर आहे, अक्का विड्या वळते, २०२० मध्ये विडी कारखाने बंद होते तेव्हा तिनं शिलाई मशीनवर मास्क शिवून घर चालवलं, तेव्हापासून ब्लाऊज, फॉल-पिको असं चालू आहे. दारातूनच म्हणाली, "आण्णा, मिशन अडलंय बघा, खालनं दोरा गोळा होतोय. बघता का जरा?"

आण्णा उठले. चष्मा शोधला, दुसरा चष्मा शोधला. मशीन गच्चीवर उन्हात आणून ठेवलं, खाली जुनं बेडशीट अंथरलं आणि शटल काढून बघायला लागले. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांच्या तळहातावर शटलच्या मागून निघालेला दोऱ्याचा आणि कचऱ्याचा एक गच्च चपटा तुकडा होता, पार नमद्यासारखा घट्ट झालेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे बघ काय निघालंय. आणि सुई पण वाकडी बसवलीय." जुन्या टूथब्रशनं दाते घासले, तेल सोडलं, हातानं चाक फिरवून कान लावून ऐकलं, परत उघडलं, परत बसवलं. दुपारचं जेवण संध्याकाळी झालं. मशीन गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पारोशानेच अक्काच्या दारात जाऊन उभे, टाका नीट बसतोय का बघायला. "रोज रात्री पुसून ठेवायचं, काय? सांगून ठेवतो." अक्कानं हो म्हटलं.

त्यानंतर गल्लीतल्या मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन, सगळ्याची रांग लागली. कोणी सांगितलं नव्हतं.

आता मला सांगा, यात 'पॉझिटिव्ह राहा' कुठं आलं? कोणी त्यांना म्हटलं नाही चांगला विचार करा म्हणून. अक्काला ब्लाऊज द्यायचा होता, गिऱ्हाईक बसलं होतं, तिला आण्णांची गरज होती. बास. मन रमवायला काहीतरी द्यायचं आणि माणसाची खरंच गरज लागायची, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि म्हाताऱ्या माणसाला तो पहिल्या मिनिटात कळतो. माझ्या ओळखीतल्या एकांनी वडिलांना गुंतवून ठेवायला दोन डाळी मुद्दाम एकत्र करून निवडायला दिल्या. मला हे ऐकूनच राग आला. अहो तो माणूस आहे, त्यानं तुम्हाला वाढवलंय, त्याला कळत नाही का डाळ कोणी मिसळली ते? खोटं काम देऊ नका. त्यापेक्षा काही देऊ नका.

आणि तो 'रोज एक नवीन पदार्थ करा'. करणार कोण? १० तारखेपासून शाळा बंद, १५ फेब्रुवारीपर्यंत म्हणतायत, माझे ऑनलाइन वर्ग सकाळी साडेसातला, त्यात पोराचे वर्ग त्याच मोबाईलवर, त्यात भोगीची भाजी, तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या, शेंगापोळ्या, आणि तुमचं म्हणणं की वेळ कसा घालवायचा? कुठल्या घरातल्या बाईला प्रश्न पडलाय वेळ कसा घालवायचा? अक्काला विचारा. तिच्या मांडीवर सूप असतं सकाळी, भिजवलेली पानं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, आणि हजाराच्या हिशोबानं पैसे, त्यातून कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढतात त्या वेगळ्या. सोलापुरात हजारो बायका लॉकडाऊनच्या आधीपासून घरात बसूनच कमावतायत. त्यांच्यासाठी कोणी गुलाबाचं फूल टाकून उपाय पाठवत नाही.

योगानं फायदा होतो, प्राणायामानं होतो, नाही म्हणत नाही. ज्याला भजन ऐकून बरं वाटतं त्यानं ऐकावं. आणि ज्याची झोपच उडालीय, जेवण तुटलंय, नको नको म्हणतोय, त्याला मिक्सर दुरुस्त करायला देऊ नका, सरळ डॉक्टरकडे न्या, तो आजार आहे. हेही मान्य की सगळ्यांचे हातपाय आण्णांसारखे चालत नाहीत.

पण चालतायत त्यांना कशाला बांधून घालायलाय बे तुम्ही?

'आराम करू द्या' हे ऐकायला लई मायेचं वाटतं. माझ्या कानाला ते 'आता तुमचं काही काम नाही' असं ऐकू येतं. गिरणी बंद झाली तेव्हा एकदा ऐकलंय आण्णांनी ते, घरच्यांनी परत कशाला ऐकवायचं? आणि ज्यांच्या यात्रेसाठी आपण सगळे दोन वर्षं हळहळतोय त्या सिद्धरामेश्वरांनी काय केलं हो? लोकांना बरोबर घेऊन तळं खोदलं. देवळाभोवती पाणी दिसतं ना, ते. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतल्या संतांच्या, सगळ्या शिकवणीत कायक, म्हणजे मन लावून केलेलं काम, पहिलं, पूजा त्यात आलीच. आपण सोलापूरकरांनी तरी माणसाच्या हातातलं काम काढून त्याच्या हातात रिमोट देऊ नये.

फोन करणाऱ्यांवर मी आता रागावले नाहीये तितकी, लिहिता लिहिता उतरलाय राग. लांब राहतात, दोन वर्षांत येणं झालं नाही, भीती वाटते, नवीन व्हेरियंट आलाय, आण्णांचा बूस्टरचा नंबर अजून यायचाय. त्यांच्या वडिलांच्या वेळी त्यांना पोहोचता आलं नव्हतं, हे मला माहितीये. त्यामुळे कोणीही म्हातारं माणूस दमलेलं दिसलं की त्यांचा जीव वर-खाली होत असणार. त्यांनी आण्णांना फोन जरूर करावा. पण कीर्तनाची लिंक पाठवण्यापेक्षा आपला तो जुना टेपरेकॉर्डर कॅमेऱ्यासमोर धरून विचारावं की आण्णा, हा का गुरगुरतोय? बघा मग कॉल किती चालतो ते.

पोराचंही तेच. शाळा बंद झाल्यावर तिसऱ्या दिवशी 'बोअर होतंय' सुरू झालं. आता आलेल्या वस्तू गेटवरून आणणं, सॅनिटायझरनं पुसणं आणि वहीत लिहिणं हे त्याच्याकडे आहे. कोणाचं, काय बिघडलंय, कधी द्यायचं. परवा एका इस्त्रीची तारीख चुकीची लिहिली तर आण्णांनी त्याला त्या घरी मास्क लावून स्वतः सांगायला पाठवलं. रडकुंडीला आला होता पण जाऊन आला. सातवीतल्या पोराला कुठली ऑनलाइन ॲक्टिव्हिटी हे शिकवणार होती?

तर आता काम सांगते. आमच्या भागातल्या कोणाचं शिलाई मशीन, मिक्सर, इस्त्री, फॅन काही अडलं असेल तर आणून गेटच्या आत स्टुलावर ठेवा, मास्क लावून, गर्दी नको, आवाज देऊन लांब थांबा, पोरगं येईल. आण्णा दुपारी जेवण झाल्यावर ऊन असेपर्यंत बसतात. पैसे घेत नाहीत, विचारू पण नका, चिडतात. पार्ट लागला तर तुम्ही आणून द्यायचा. मोबाईल आणि टीव्ही आणू नका, ते त्यांना येत नाही. आणि ब्लाऊज शिवायचे असतील तर अक्काकडे द्या, तिला मात्र पैसे द्या आणि वेळेवर द्या.