स्टँडवरचं टोळकं आणि आपला नातू

आमच्या सेवानिवृत्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर चार वेळा आला. चौथ्यांदा तो माझ्या व्याह्यांनीच टाकला, म्हणून म्हटलं आता उत्तर द्यावं. मजकुराचं नाव ‘वाया गेलेली पिढी’. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही, खाली फक्त ‘पटलं तर पुढे पाठवा’. म्हणणं थोडक्यात असं: चौदा ते अठराची आजची पोरं कामाला हात लावत नाहीत. दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. निम्मे गुन्हे आता हीच करतात. मुली हाताबाहेर गेल्या. मोठ्यांचा मान नाही, घरची बोली विसरली. आणि शेवटचा टोला: ‘ज्या वयात आपल्या नंदुरबारच्या शिरीषकुमारने छातीवर गोळ्या झेलल्या, त्या वयात ही रील काढतात.’

मी ३१ वर्षं एसटीत वाहक होतो. त्यातली बरीच चोपडा–रावेर रस्त्यावर गेली. अडावद, धानोरा, किनगाव, साकळी, यावल, फैजपूर, सावदा. लोक मला मास्तर म्हणायचे, पण शिकवलं मी कुणाला काही नाही, फक्त पास तपासले. कॉलेजची पोरं रोज दोनदा हाताखालून गेली, तेवढ्या भांडवलावर बोलतो.

‘कामाला हात लावत नाहीत.’ हे ज्याने लिहिलं तो रावेर-यावल पट्ट्यातला नसावा, आणि असेल तर सकाळी सहाला बागेत गेलेला नसावा. केळी कापायची ती ऊन तापायच्या आत. एकेक घड वीस-बावीस किलोचा. तो खांद्यावर घेऊन बागेतून बांधावर, बांधावरून गाडीत. कापणीच्या टोळ्यांमध्ये अकरावी-बारावीची पोरं असतात, आणि साडेनऊला अंघोळ करून तीच पोरं कॉलेजच्या गाडीला येतात. सहाला बागेत असते ती टोळी, दहाला स्टँडवर उभी राहिली की टोळकं. चोपड्याकडे, धुळ्याकडे कापूस. दिवाळीनंतर वेचणी जोरात आली की माझी सकाळची फेरी निम्मी रिकामी जायची. पोरं कुठे गेली ते कुणाला विचारावं लागायचं नाही, रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतात दिसायची.

‘असर’ म्हणजे गावांतल्या मुलांचं शिक्षण मोजणारी पाहणी, तिची २०२३ची फेरी होती. २६ राज्यांतले २८ जिल्हे, गावांतली १४ ते १८ वयाची मुलं-मुली. घरकाम सोडून दुसरं काम महिन्यात निदान १५ दिवस करणारे मुलगे ४० टक्के निघाले, मुली २८ टक्के. बहुतेकांचं काम घरच्याच शेतात. घरच्या शेतातलं काम आपण कामात धरतच नाही, ही आपली जुनी खोड. रात्री दोनला लाइट येते तेव्हा मोटार चालू करून पाणी भरायला कोण जातं? बापाचे गुडघे दुखतात. पोरगं जातं. आणि सकाळी आठपर्यंत झोपलं तर ‘सूर्य डोक्यावर आला तरी लोळतोय’.

इथेच माझी एक चूक सांगून टाकतो, नाहीतर मी मोठा न्यायाधीश होऊन बोलतोय असं वाटेल. रिटायर व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. रावेरहून येत होतो. मागच्या लांब सीटवर पाच पोरं, सावद्यापासून नुसतं खिदळणं. यावलच्या अलीकडे एक म्हातारी रडायला लागली, पैशांचा बटवा गेला. मी सरळ मागे गेलो आणि पाचही जणांची दप्तरं रिकामी करायला लावली. गाडीत आणखी चाळीस-पन्नास माणसं होती. त्यांतल्या एकालाही विचारलं नाही. पोरांच्या दप्तरांत काय निघालं? डबे, जर्नल, एकाचा फुटलेला कंपास, एकाच्या तळाशी चुरगळलेली नायलॉनची दोरी. एकाच्या शर्टाला खांद्यापासून छातीपर्यंत काळपट डाग होते. ‘कपडे तरी धुऊन घालत जा रे,’ मी म्हणालो. तो काही बोलला नाही.

बटवा म्हातारीच्याच पिशवीत, मेथीच्या जुडीखाली सापडला. म्हातारी हसली, सगळी गाडी हसली. पोरं खाली पडलेल्या वह्या गोळा करत होती. मी डबल बेल दिली.

डागाचं मला संध्याकाळी डेपोत हिशोब जुळवताना उमगलं. केळीचा चीक तो. कितीही धुवा, जात नाही. माझ्या वडिलांच्या एकूण एक बंडीवर होता. ज्या घरात मी तो डाग बघत वाढलो, त्याच घरचा मी, आणि पोराच्या अंगावर मला तो ओळखू आला नाही, कारण मला तेव्हा पोरगं दिसतच नव्हतं. पाच जणांचं टोळकं दिसत होतं.

मोबाइलचं थोडक्यात सांगतो. पोरं रील बघतात, खरं आहे. तासन्‌तास बघतात, हेही खरं. ‘असर’च्याच पाहणीत चारातल्या एकाला आपल्या भाषेतला दुसरीचा धडा नीट वाचता आला नाही, तेव्हा काळजी करायला जागा आहे, मी नाही म्हणत नाही. पण २०२१पासून ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून अॅपमध्ये पिकाची नोंद करायची, फोटो काढायचा. आमच्या गल्लीतल्या किती जणांनी ती स्वतः केली? २०२४च्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्ज भरायचे होते, तेव्हा आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बाया रांगेत बसायच्या, आणि मधोमध दहावीचं एक पोरगं, कुणाच्या आधारचा फोटो काढतंय, कुणाला ओटीपी विचारतंय. एक आजी म्हणत होती, “भो, मना फोटू चांगला काढजो.” फी? एक ग्लास सरबत. तो महिनाभर कुणी म्हणालं नाही, मोबाइलने पोरं बिघडली. आणि हेही सांगतो, गाडीत स्पीकर मोठा करून व्हिडिओ लावणारे बहुतेक माझ्याच वयाचे असतात. पोरं निदान कानात बोंडं घालतात.

‘निम्मे गुन्हे अल्पवयीन पोरं करतात.’ हा आकडा कुठून आला ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२चा अहवाल सांगतो: देशात दखलपात्र गुन्हे ५८ लाखांच्या वर, त्यांत अल्पवयीनांनी केले म्हणून नोंदलेले ३०,५५५. दोनशेला एक. २०१६ला हाच आकडा ३५,८४९ होता, म्हणजे वाढलेला नाही, उतरलेला आहे. महाराष्ट्र या यादीत वरच्या राज्यांत असतो, ते लपवायचं कारण नाही. पण निम्मे? उरलेले १९९ गुन्हे आपण मोठ्यांनी केलेत, त्यावर कुणी फॉरवर्ड काढत नाही.

गाड्या उडवतात म्हणाल, तर तिथे मी तुमच्या बाजूने आहे. तिघं-तिघं बसून भुसावळ रोडला जी बाइक पळते ती बघून माझ्याही पोटात गोळा येतो. फक्त चावी कुठून आली ते विचारा. २०१९च्या दुरुस्तीनंतर कायदाही तेच विचारतो: अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. पोराला दहावीत ऐंशी टक्के पडले की बाइक घेऊन देणारा बाप आमच्याच ग्रुपमध्ये आहे. नाव घेत नाही.

मुलींच्या मुद्द्यावर मात्र मला थांबावं लागतं. ‘हाताबाहेर गेल्या’ एवढाच शब्द आहे मजकुरात. काय केलं म्हणजे हाताबाहेर, ते लिहिलेलं नाही. लिहायची गरज पडत नाही, वाचणारा आपापल्या मनाने भरतो.

मुलगा बिघडला असं गावाने ठरवलं तर त्याला शिव्या पडतात. मुलीबद्दल ठरवलं तर तिची गाडी बंद होते. मोफत पास असतो, मानव विकासची, मुलींना शाळा-कॉलेजला नेणारी सरकारी गाडी फाट्यापर्यंत येते, आणि तरी जागा रिकामी राहते. किनगावच्या पुढे एका फाट्यावर बारावी सायन्सची एक मुलगी चढायची. पुढून तिसरी सीट, खिडकी. एके दिवशी यावलच्या स्टँडवर ती वर्गातल्या मुलाशी बोलत उभी होती. प्रॅक्टिकलची वही दोघांच्या मध्ये धरलेली, तो बोटाने काहीतरी आकृती दाखवत होता. गाडीत तिच्या गावचे दोन बाप्ये आधीच बसले होते. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. “पाहिलं ना? कोणाची पोर ती?” दुसऱ्याने बापाचं नाव सांगितलं. मी तिथेच उभा होतो. तिकीट दिलं, सुटे परत केले, पुढे सरकलो.

आठवड्याभरात ती यायची बंद झाली. मे महिन्यात आमच्या ड्रायव्हरकडे तिच्या लग्नाची पत्रिका आली, त्यांच्या नात्यातच होतं. वय सतरा होतं की अठरा, ते पत्रिकेवर छापत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ते मोजते: २०१९–२१मध्ये महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. प्रत्येकीच्या मागे गाडीतले दोन बाप्ये असतील असं मी म्हणत नाही. गरिबी असते, ऊसतोडीला बाहेर जाणं असतं, हुंडा असतो. पण ‘पोर नजरेखाली राहिली पाहिजे’ हे कारण मी माझ्या कानांनी ऐकलंय, एकदा नाही, अनेकदा. आणि मोबाइलने मुली बिघडल्या म्हणणाऱ्यांसाठी ‘असर’चाच आणखी एक आकडा: फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४४ टक्क्यांच्या आसपास, मुली २०. बिघडायलाही आधी फोन लागतो.

बोली विसरल्याचं म्हणाल तर ती विसरायला लावली कोणी? शाळेत अहिराणी बोललं म्हणून आपणच त्यांना दटावलं, पाहुण्यांपुढे ‘शुद्ध बोल’ म्हणून डोळे वटारले. आता लग्नाच्या वरातीत अहिराणी गाणी लागतात, ती कोणत्या वयाची पोरं लावतात आणि कोणत्या वयाची नाचतात ते येत्या लग्नसराईत बघून घ्या.

मानाबद्दल एकच गोष्ट आठवते. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत होते, तिथलं छात्रालय सांभाळायचे. पोरांसाठी ते रोज हाताने लिहून एक दैनिक काढायचे. दिवसभर शिकवून, वर पोरांसाठी जागून लिहायचं. पोरं त्यांचं ऐकायची यात नवल ते काय. आपण पोरांसाठी काय लिहितो? आपण पुढे पाठवतो.

राहिला शिरीषकुमार. हा मुद्दा वाचून मला सगळ्यांत जास्त राग आला, कारण नंदुरबारला गेलो की मी त्या स्मारकापाशी उभा राहतोच. जन्म २८ डिसेंबर १९२६, हौतात्म्य ९ सप्टेंबर १९४२. सोळावंही पुरं नव्हतं. सोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाच नावं आहेत, मजकुरात एकच. हातात झेंडा घेऊन मिरवणूक निघाली, पोलिसांनी पांगायला सांगितलं, ती पोरं हलली नाहीत. त्या दिवशी सरकारच्या लेखी ही पोरं कोण होती? हुकूम न मानणारी, रस्त्यावर जमून घोषणा देणारी उनाड पोरं. आजच्या भाषेत टोळकं.

आणि समजा, उद्या यावलच्या स्टँडवर पंधरा-सोळा वर्षांची पंचवीस पोरं पासची खिडकी वेळेवर उघडा म्हणून घोषणा देत उभी राहिली, तर आपला ग्रुप काय लिहील? मला ठाऊक आहे, कारण असं झालेलं मी पाहिलंय. खिडकी अकरापर्यंत उघडली नव्हती, पोरांनी गाडीपुढे बसकण मारली. ओट्यावरची मोठी माणसं म्हणाली, ‘अभ्यास सोडून हेच धंदे.’ माझी गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली. मीही तेच म्हणालो होतो.

हे सगळं लिहून मी काल रात्री ग्रुपवर टाकलं. ३२ जणांनी बघितलं, दोघांनी अंगठा दिला. आज सकाळी व्याह्यांचा फोन. म्हणाले, “तुमचं पाहिलं, पण अक्षरं फार बारीक आहेत हो, इतकं लांब वाचवत नाही. आमचा प्रथमेश क्लासवरून आला की त्याला वाचून दाखवायला सांगतो.” मी विचारलं, तुमच्या त्या मजकुरात प्रथमेश पण आला ना? सोळाचा आहे तो.

“छे छे,” ते म्हणाले, “तो तसा नाही.”