‘मोबाईल घ्या, पत्रकार व्हा’ म्हणणाऱ्यांना

बारावीचा निकाल लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मथितार्थ असा: पत्रकारितेच्या पदवीत तीन वर्षं घालवू नका, टिळक-अत्र्यांनी कुठे पदवी घेतली होती? कॉलेजांनी थिअरी बंद करून मोबाईल, एडिटिंग आणि एआय एवढंच शिकवावं. नोकऱ्या संपल्यात, ज्याने त्याने आपलं चॅनेल काढावं.

आधी टिळक-अत्रे. पत्रकारितेची पदवी नव्हती हे खरं. पण टिळक एलएलबी होते, गणित शिकवत होते आणि 1908च्या राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतःच लढले. आगरकर एमए. अत्रे लंडनला जाऊन शिक्षणशास्त्र शिकून आले. ही नावं शिक्षण नको म्हणून पुढे करायची, म्हणजे कमालच आहे.

‘फक्त मोबाईल आणि एडिटिंग शिकवा’ हा मुद्दा ऐकायला व्यवहारी वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. एडिटिंग मुलं दोन-तीन आठवड्यांत आपापसांत शिकतात. पहिल्या वर्षी शिकवलेलं ॲप तिसऱ्या वर्षापर्यंत तसंच राहील याचीही खात्री नाही. महापालिकेचा अर्थसंकल्प कसा वाचायचा, हे मात्र कुणी रीलमधून शिकत नाही. गेल्या वर्षीचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन रकाने शेजारी ठेवले की बातमी आपोआप दिसते.

त्याची गरज किती होती, ते आपल्याच शहरांनी पाहिलं. नवी मुंबईत मे 2020पासून आणि ठाण्यात मार्च 2022पासून प्रशासक होते, ते थेट जानेवारी 2026च्या निवडणुकीपर्यंत. महासभेत उठून प्रश्न विचारणारा नगरसेवकच नाही! ‘नगरसेवकाने आरोप केला’ एवढ्यावर ज्यांची बातमी उभी राहायची, त्यांची पंचाईत झाली. हाताशी उरले ते ठराव, निविदा आणि माहिती अधिकार.

एआयचं म्हणाल, तर तो शिकवायलाच हवा. पण प्रेसनोटची बातमी करणं, मथळे-कॅप्शन देणं हीच कामं यंत्राने सगळ्यात आधी उचलली. नवख्याला डेस्कवर पहिल्यांदा हेच काम मिळायचं. म्हणजे मेसेजवाले मुलांना नेमक्या आटत चाललेल्या कामासाठी तयार करायला सांगताहेत. शिवाय सरकारी पीडीएफ बऱ्याचदा स्कॅन केलेली असते किंवा जुन्या फॉन्टमध्ये. मजकूर कॉपी केला की अगम्य अक्षरं उमटतात. अशा कागदावरून यंत्राने दिलेला आकडा मूळ पानाशी ताडून बघायची सवय वर्गातच लागायला हवी.

थिअरी नको म्हणणाऱ्यांना प्रसारमाध्यम कायद्याचा पेपर सगळ्यात रटाळ वाटतो. (शिकवतात रटाळ, हे कबूल.) पण बलात्कारपीडितेची ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 72खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. बदनामीचं कलम 356. मोठ्या दैनिकात पान छपाईला जाण्याआधी चूक पकडणारा कुणी असतो, नोटीस आली तर वकील असतो. घोडबंदर रोडवरच्या टू-बीएचकेतून चॅनेल चालवणाऱ्यामागे कोण आहे? स्वतःचं चॅनेल काढणाऱ्याला तर तो पेपर जास्त लागतो.

नोकऱ्या संपल्यात, हे अर्धसत्य. छापील वृत्तपत्रांतल्या जागा घटल्या, पगारही बेताचे, यात वाद नाही. पण बीएमएम, म्हणजे आताचं बीएएमएमसी, ही माध्यमांची पदवी करून जाहिरात, जनसंपर्क, पॉडकास्ट, संशोधन इकडे मुलं जातच असतात.

मेसेजची एक गोष्ट मला पटते: आहे तसा अभ्यासक्रम चालणार नाही. चार भिंतींत शिकवून, शेवटी बिनपगारी इंटर्नशिपचं प्रमाणपत्र जोडून भागणार नाही. माझी मागणी साधी आहे. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रभाग समिती नेमून द्या. कुणाला मुंब्रा, कुणाला वर्तकनगर, कुणाला दिघा किंवा तुर्भे. वर्षभर तिथलं पाणी, कचरा, शाळा, टेंडरं त्यानेच बघायची आणि बातमी मजकूर, ध्वनी, व्हिडिओ अशी तिन्ही रूपांत द्यायची. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज मात्र सत्राच्या पहिल्याच आठवड्यात पडला पाहिजे. उत्तराची मुदत तीस दिवसांची, आणि ते आलं नाही तर पहिलं अपील आहेच. उशीर झाला तर परीक्षा संपेल तरी कागद हातात नसतील.